रेक्याविकचं नळाचं गरम पाणी, सहा महिन्यांनंतर (आणि माझी काळी पडलेली जोडवी)

सप्टेंबर २०२३ पासून आम्ही आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला आहोत. इथे गीझर नसतो, जमिनीतल्या उष्णतेने तापलेलं पाणी थेट नळाला येतं, हे सगळ्यांना माहितीच असतं म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय माझ्या जोडव्यांबद्दल.

लग्नातली चांदीची जोडवी, आईने सातारच्या सोनाराकडून करून घेतलेली. आठ दिवसांत पिवळट झाली आणि महिन्याभरात काळी कुळकुळीत. मला वाटलं सोनाराने भेसळ केली, आईला फोन करून नको ते बोलले. मग देवातलं निरांजन पण तसंच व्हायला लागलं, ते मी गरम पाण्यानेच घासत होते, तेव्हा ऑफिसमधली एकजण म्हणाली की अगं हे पाण्यातल्या गंधकामुळे होतं, आम्ही चांदी काढून ठेवूनच आंघोळ करतो. वास तर पहिल्या दिवसापासून येत होता, वज्रेश्वरीच्या कुंडाजवळ येतो तसाच, पण तो आठवड्यात नाकाला सवयीचा झाला. चांदीचं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं, हे घर देतानाच सांगायला हवं.

तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोनच स्टार दिले असते, आणि जानेवारीत तर एकच. याच गरम पाण्यावर खोली उबदार ठेवणारा बेडरूमचा रेडिएटर थंड पडला, घरमालक तीन आठवडे "उद्या येतो" म्हणत राहिला, आम्ही नाइलाजाने इलेक्ट्रिक हीटर विकत घेतला. शेवटी प्लंबर आला, थर्मोस्टॅटची टोपी काढली, आतली पिन अडकली होती ती ठोकून मोकळी केली, पाच मिनिटांचं काम! हीटरचे पैसे मागितले तर घरमालक बोलेना. तो राग अजून आहे.

पण प्लंबर चांगला होता, त्याला जोडव्यांबद्दल विचारलं तर त्याने नीट समजावलं. शहराच्या आसपासच्या बोअरमधून येणाऱ्या पाण्यात गंधकाचा वायू (हायड्रोजन सल्फाइड) मुळातच थोडा असतो. नेस्यावेत्लीर आणि हेत्लिशेइडीच्या पॉवर प्लँटमधून जे येतं ते मात्र साधं थंड भूजल, तिथल्या उष्णतेवर तापवलेलं. साध्या पाण्यातल्या ऑक्सिजनने लोखंडी पाइप गंजतात, म्हणून ऑक्सिजन काढून टाकतात आणि उरलासुरला हा गंधकाचा वायू थोडासा सोडून संपवतात. म्हणजे माझी चांदी ज्याने काळी केली त्यानेच पाइप टिकतात. नेस्यावेत्लीरहून २७ किमी लांब पाइपातून पाणी येतं आणि वाटेत जेमतेम दोनेक अंश थंड होतं, हे ऐकून मी गप्प झाले.

मग ८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. जवळच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर पहाटे परत ज्वालामुखी फुटला आणि लाव्हाने तिथल्या स्वार्त्सेंगी पॉवर प्लँटहून केफ्लाविक गावाकडे जाणारी गरम पाण्याची मुख्य पाइपलाइन तोडली. वीस हजारांवर माणसांची घरं ऐन थंडीत थंड पडली, शाळा आणि स्विमिंग पूल बंद, आणि सगळ्यांनी एकदम हीटर लावले तर वीजही जाईल म्हणून वीज जपून वापरा असं सांगितलेलं. केफ्लाविकचे आमचे मित्र दोन लहान मुलांना घेऊन आमच्याकडे आले, चार दिवस राहिले. पहिल्या रात्री मुलांना कडकडीत पाण्याने आंघोळ घातली, वरणभात खाऊन ती रेडिएटरला पाठ लावून झोपली. त्यांच्याकडे बघून मला फार भरून आलं. १९३० साली रेक्याविकमधल्याच लाउगार्दालुर भागातलं गरम झऱ्यांचं पाणी पहिल्यांदा पाइपाने एका शाळेत नेलं होतं म्हणे, त्याआधी लोक तिथल्या झऱ्यांवर कपडे धुवायला चालत जायचे. आमच्या घरापर्यंत ते येतंय याची किंमत मला तेव्हा कळली.

लाउगार्दालुरच्या पूलचा पास काढलाय, तो पैसे वसूल आहे. आधी साबण लावून, कपडे न घालता आंघोळ करावी लागते, मला पहिल्या दिवशी रडू आलं होतं, आता काही वाटत नाही. डोक्यावर बर्फ पडतोय आणि गळ्यापर्यंत ४० अंशांचं पाणी, हे सुख मला कधीच पुरणार नाही.

आता चार स्टार. एक जोडव्यांचा कापलाय आणि तो कापलेलाच राहील. आईची माफी मागितली, सोनाराला पण सांगायला लावलं. जोडवी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळली तर बरीच उजळली, आता डबीत ठेवलीत. नवीन येणाऱ्यांनी चांदी पहिल्याच दिवशी काढून ठेवा, आणि चहाला गरम नळाचं पाणी घेऊ नका, थंड नळ सोडून वास पूर्ण जाईपर्यंत वाहू द्या, मगच पातेलं भरा.