अॅप्रोच शूज घ्यावेत का? दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीत वापरल्यानंतर

थेट मुद्द्यावर येते. तुमच्या यादीत लिंगाणा, अलंग-मदन, तैलबैला, बेलपाड्याची नळीची वाट असल्या कातळटप्प्यांच्या जागा असतील तर अॅप्रोच शूज (चालायला आणि सोपा कातळ चढायला, दोन्हीला चालणारे बूट) घ्याच, नोव्हेंबर ते मे त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण राजगड-तोरणा, कळसूबाई, पाचनईवरून हरिश्चंद्रगड एवढंच करत असाल, आणि त्यातही जास्त करून पावसाळ्यात, तर नका घेऊ, तेवढ्या पैशात साध्या ट्रेकिंग शूजचे दोन चांगले जोड येतात. मी मागच्या दिवाळीत घेतले आणि पहिला पाऊस पडेपर्यंत जवळजवळ प्रत्येक ट्रेकला हेच घातले, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की लोक तेच मॉडेल मागवतात आणि पाय वेगळा असला की वैतागतात. माझा जोड वरून स्वेड लेदरचा, खाली विब्रम कंपनीचा रबरी सोल, गोरटेक्स म्हणजे पाणी आत न येऊ देणारं अस्तर नसलेला, आणि एका बुटाचं वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम. खाली जे लिहिलंय ते तुम्ही ला स्पोर्तिवा, स्कार्पा, सिमाँड, कोणाचेही शूज बघायला गेलात तरी दुकानात तपासता येईल असंच आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक शूज, म्हणजे फक्त कातळ चढायचे बूट, इतके घट्ट असतात की त्यात वीस पावलं पण चालवत नाही, आणि ट्रेकिंगचे बूट जाड सोलचे, त्यात पायाखाली नक्की काय आहे ते कळतच नाही. या दोघांच्या मधला हा बूट. चालताना बुटासारखा, पण पुढे अंगठ्याखाली सोल सपाट आणि रबर चढाईवालं चिकट, चवड्याभोवती रबराची पट्टी म्हणजे रँड, आणि लेस थेट बोटांपर्यंत खाली गेलेली. टाचेला लूप असतो, त्यातून हार्नेसला, म्हणजे चढताना दोर बांधायच्या कमरपट्ट्याला, लटकवता येतात. फाइव्ह टेन या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये चिकट रबराचे असे बूट आणले आणि तिथून हे चांगलेच पसरले, नंतर २०११ मध्ये आदिदासने ती कंपनी घेतली. हे बूट वाढले ते कॅलिफोर्नियात, योसेमिटीच्या ग्रॅनाइटकडे चालत जाणाऱ्या लोकांमध्ये, आणि हे सांगायचं कारण म्हणजे परदेशी रिव्ह्यू वाचून आपण बूट घेतो तेव्हा ते लोक बोलत असतात ग्रॅनाइटबद्दल आणि आपण उभे असतो बसाल्टवर.

फरक बराच आहे. आपला सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. टणक थराचा उभा कडा राहतो आणि मधला मऊ थर झिजून उतार होतो, त्यावर माती, मुरूम, गवत. म्हणून कुठलाही गड बघा, कडा, मग गवताळ उतार, मग परत कडा. म्हणजे काय होतं की एकाच सकाळी दहा मिनिटं कोरडा कातळ, पुढची वीस मिनिटं घसारा, मग ट्रॅव्हर्स म्हणजे उतारावरची आडवी वाट, मग परत कातळ, आणि प्रत्येक वेळी बूट बदलायला कोणी थांबत नाही. ग्रॅनाइटच्या मोठ्या तिरक्या फरशीवर नुसत्या घर्षणावर चालतात, तिथे मऊ लवचिक बूट भारी. आपल्याकडे कातळात जास्त करून बोटभर रुंदीच्या कडा, खोबण्या, नाहीतर जुन्या कोरलेल्या पावठ्या, त्याही अर्ध्या झिजलेल्या. तिथे पायाचं पुढचं टोक ठेवून उभं राहावं लागतं, म्हणून सह्याद्रीसाठी चवड्यात जरा कडक असलेलाच बूट निवडा, माझं हे मत या सात-आठ महिन्यांत पक्कं झालंय.

दुकानात तपासायची पद्धत सोपी आहे. बूट घालून लेस नीट आवळा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याकडचा भाग टेकवून उभे राहा, टाच हवेत. सोल लगेच खाली दुमडला आणि पोटरी थरथरायला लागली तर तो बूट शहरात फिरायला चांगला, मदनच्या पायऱ्यांवर नाही. मग बूट हातात घेऊन टोक आणि टाच धरून पिळून बघा, थोडा पिळला पाहिजे पण फडक्यासारखा नाही. दुकानदार बघत राहतात, बघू दे.

आता प्रत्यक्षात. सगळ्यात चांगला कस लागला तो लिंगाण्याला. मोहरीतून निघालं की आधी बोराट्याची नाळ, नुसते मोठमोठे धोंडे, त्यातले काही हलणारे, मग उजवीकडे आडवी मारत लिंगाण्याच्या खिंडीत, आणि तिथून पुढे सुळका. नाळेत धोंड्यावरून धोंड्यावर उतरताना या बुटांनी जो विश्वास दिला ना तो मला आधीच्या बुटात कधीच मिळाला नव्हता, तिरक्या दगडावर पाय टाकला की तो तिथेच राहतो, डोकं पायातून बाहेर येतं आणि पुढची वाट बघायला मोकळं होतं. सुळक्यावर दोर आणि बिले, म्हणजे तो दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणं, होताच, तो असायलाच पाहिजे, कुठल्याही बुटाने दोराची जागा भरून निघत नाही. पण तिथले बहुतेक टप्पे या बुटात आरामात होतात, रॉक शूज सॅकमध्ये न्यायची गरज पडली नाही. चढायच्या आधी खिंडीत बसून लेस बोटांपासून परत आवळायची, एवढं मात्र करा. चालताना पुढची लेस सैल आणि कातळाखाली आली की घट्ट, याच्यासाठीच ती एवढी खालपर्यंत दिलेली असते आणि बरेच जण ती विकत घेतल्या दिवशी एकदा बांधतात ते बांधतात.

नळीच्या वाटेवर पण तसंच. बेलपाड्यातून कोरड्या ओढ्यातले धोंडे, मग नळीतले छोटे छोटे कातळटप्पे, थेट कोकणकड्याजवळ वर. चढताना मजा आली. उतरताना साधले घाटाने आलो आणि तिथे या बुटांची दुसरी बाजू दिसली.

घसारा. मुरमाची बारीक खडी कडक जमिनीवर पसरलेली असते आणि उतरताना ज्वारीच्या दाण्यांवर चालल्यासारखं होतं. अॅप्रोच शूजच्या सोलवर खोल दात नसतात, छोटे गोल ठिपके असतात, कारण कातळावर जितकं रबर टेकेल तितकं चांगलं. घसाऱ्यात हेच उलटं पडतं, ठिपके मातीत रुतत नाहीत. चढताना फारसं जाणवत नाही, उतरताना जाणवतं. म्हणून घेताना टाचेकडचा सोल बघा, तिथे खाचा खोल आणि आडव्या असतील, टाचेची मागची कड जरा तिरकी कापलेली असेल तर उतरताना ब्रेक लागतो. माझ्यात आहेत, तरी ट्रेकिंग बुटाइतका ब्रेक लागत नाही. एक काठी आणि आखूड पावलं, असं मी आता उतरते. मार्चनंतर उतारावर आडवं पडलेलं वाळकं गवत असतं, त्यावर तर कुठलाच बूट टिकत नाही, तिथे दोष बुटाला देऊ नका.

पाऊस. इथे मला सगळ्यात स्पष्ट बोलायचंय कारण दुकानात उलटं सांगतात. चिकट रबर ओल्या पण स्वच्छ कातळावर बऱ्यापैकी धरतं, पण आपल्याकडे जूननंतर कातळ नुसता ओला नसतो, त्यावर शेवाळ असतं. शेवाळावर रबर दगडाला टेकतच नाही. आणि मधल्या मातीत ते ठिपके चिखलाने भरतात की झाला सपाट सोल. पावसाळ्यात खोल दातांचे साधे ट्रेकिंग शूज जास्त बरे, आणि कातळटप्प्यांच्या वाटा तेव्हा टाळलेल्याच बऱ्या.

गोरटेक्स घेऊ नका असं मी सांगेन, निदान सह्याद्रीसाठी. कोरड्या मोसमात पाणी लागतच नाही आणि एप्रिलच्या उन्हात पाय शिजतो, पावसाळ्यात पाणी वरून मोज्यातून आत जातं आणि मग आतच राहतं. हिमालयात बर्फाच्या कडेकडेने चालायचं असेल तर वेगळी गोष्ट.

लेदर की जाळी, यावर खूप चर्चा होते पण मला उत्तर कुसळांनी दिलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुठल्याही पठारावरून चाला, जाळीच्या बुटात कुसळं घुसतात आणि आतून टोचत राहतात, काढायला बसलात तर अर्धा तास गेला. ग्रुपमधल्या जाळीवाल्यांचे हाल बघितलेत मी. लेदरला ती लागतात पण आत जात नाहीत, मोज्यावर जी चढतात तेवढीच. कारवीचे तुटके खुंट, करवंदीचे काटे, यांनाही लेदर पुरून उरतं. बदल्यात लेदर गरम होतं आणि धुतलं तर वाळायला वेळ लागतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी तापलेल्या कातळावर काळा रँड चांगलाच तापतो, बोटांना कळतं. पण मे महिन्यात पहाटे चारला निघून अकराच्या आत कातळ उतरून व्हायलाच पाहिजे, बूट कुठलेही असोत.

साईझ. दुपारनंतर जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. ट्रेकचेच मोजे घाला. पुढे बोटांना हलायला जागा पाहिजे पण पाय बुटात पुढेमागे सरकता कामा नये, उतारावर पाय पुढे सरकला की अंगठ्याचं नख काळं झालंच समजा. रॉक शूजसारखे घट्ट घ्यायचे नाहीत, यात दिवसभर चालायचंय. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पंजा रुंद आणि टाच बारीक असते, त्यामुळे पंजाला बसला की टाच उचलते, टाचेला बसला की करंगळी चेपते. पहिल्या भोकांची लेस सैल आणि घोट्याजवळची घट्ट करून बघा, तरी टाच उचलत असेल तर मॉडेलच बदला. आणि बायकांनो, आपल्या साईझ इथल्या दुकानात फार कमी ठेवतात, दोन-तीन ठिकाणी तर मला पुरुषांचा छोटा नंबर पुढे केला. तो लांबीला बसतो पण टाचेत ढिला राहतो. बायकांच्या मॉडेलचा साचा वेगळा असतो, थांबावं लागलं तरी तोच घ्या. मी थांबले आणि पहिल्या ट्रेकपासून एक फोड आला नाही.

झीज. चिकट रबर मऊ असतं, म्हणजे झिजणार. अंगठ्याखालचा सपाट भाग माझ्या उजव्या बुटाचा दिसण्याइतका झिजलाय, बाकीचा सोल चांगला आहे. डांबरी रस्त्यावर, बाईकवर, ऑफिसला हे बूट घालू नका, मी गाडीत चपला ठेवते आणि पायथ्याच्या गावात बूट बदलते. आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालचा सुटा पडदा, पातळ निघाला, तो दोन महिन्यांत बसला आणि मी वेगळा घेऊन टाकला. लेसच्या एका पट्टीची शिलाई उसवली, आमच्या मोच्याने मेणदोऱ्याने शिवून दिली, अजून टिकलीय. रँड कुठे सुटला नाही हे महत्त्वाचं, तो सुटला तर बूट संपतो.

ठेवण्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐका, कुठलेही बूट असोत. वर्षभर न वापरलेल्या बुटाचा सोल ट्रेकमध्ये अख्खा निघून येतो हे सगळ्यांनी बघितलंय, आणि लोक गोंदाला शिव्या घालतात. बऱ्याचदा दोष मिडसोलचा, म्हणजे सोल आणि पाय यांच्यामधल्या मऊ थराचा असतो, तो पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतला ओलावा त्याला हळूहळू आतून फोडतो, कोकणातल्या नाहीतर मुंबईच्या दमट हवेत खोक्यात बंद ठेवला तर लवकर. ईव्हीए या दुसऱ्या फोमच्या मिडसोलला हा त्रास नाही, तो फक्त दबतो. म्हणून बूट घासून, सावलीत पूर्ण वाळवून, हवा लागेल असे उघड्यावर ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आणि मोठ्या ट्रेकच्या आधी जवळच्या टेकडीवर एकदा घालून फिरायचं.

स्वस्तात काय, हा प्रश्न येणारच. अॅक्शनचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीत कित्येक वर्षं लोक वापरतायत आणि त्यांची पकड किमतीच्या मानाने खरोखर चांगली आहे, जुनी मंडळी तर हंटर शूजवर नाहीतर अनवाणी कातळ चढलीत. कातळटप्पे वर्षातून एक-दोनदाच करत असाल तर तेच घ्या आणि उरलेल्या पैशात स्वतःचं हार्नेस आणि हेल्मेट घ्या, हे मी अगदी मनापासून सांगते. अॅप्रोच शूजचा फरक कळतो तो महिन्यातून दोनदा तरी कातळावर जाणाऱ्याला. आणि वानरलिंगी किंवा हडबीच्या शेंडीसारख्या सुळक्यावर लीड करणार, म्हणजे सगळ्यात आधी दोर घेऊन चढणार असाल तर रॉक शूज लागतीलच, हे बूट तिथे पायथ्यापर्यंत आणि त्याच्या मागून दुसऱ्या नंबरला चढायला.

पुढचा जोड घेताना मी परत लेदरच घेईन, गोरटेक्स नसलेलाच, फक्त टाचेच्या खाचा आणखी खोल असलेला बघेन. सध्याचे धुवून गॅलरीत आतल्या बाजूला ठेवलेत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. दसऱ्यानंतर कातळ सुकला की आधी मुंब्र्याला घालून बघणार, टोकाचं रबर किती उरलंय ते तिथेच कळेल, आणि मग ठरवणार की याच सीझनला नवे घ्यायचे की हेच अजून एक वर्ष ओढायचे.