१८२९ चा 'ओरिजिनल' जमिनीचा कागद आणि माझे १८०० डॉलर

मागच्या महिन्यात माझे १८०० डॉलर गेले. ते कसे गेले हे सगळं लिहितोय, कारण इथे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये आपल्याच ओळखीतल्या अजून दोघांना अगदी तसाच मेसेज आलाय.

मला जुन्या कागदांचं वेड बाबांमुळे लागलं. वाईच्या घरी माळ्यावर एक ट्रंक होती, त्यात मोडीतली गहाणखतं, साऱ्याच्या पावत्या, आणि बाबा वर्षातून एकदा ते सगळं बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर पसरायचे. पर्थला येऊन ११ वर्षं झाली, आता घर इथेच, तर इथल्या मातीचंही काहीतरी भिंतीवर असावं असं फार वाटायचं. अशात एका खरेदी-विक्रीच्या ॲपवर जाहिरात दिसली, 'स्वान रिव्हर कॉलनी, १८२९, ओरिजिनल लँड ग्रँट, पणजोबांच्या पेटीतून', म्हणजे इथल्या पहिल्या ब्रिटिश वसाहतीत सरकारने जमीन दिल्याचा कागद. फोटोत पिवळा पडलेला कागद, लाल लाखेचं सील, वळणदार अक्षर.

विकणारी बाई फोनवर अर्धा तास बोलली आणि तिने सांगितलेली माहिती बरीचशी खरी होती, हे नीट लक्षात घ्या. डच कप्तान व्लामिंग १६९७ साली इथे आला, काळे हंस पाहून त्याने नदीला 'स्वान' (हंस) हे नाव दिलं, मग मार्च १८२७ मध्ये ब्रिटिश नौदलाचा जेम्स स्टर्लिंग नदी बघून गेला, मे १८२९ मध्ये कॅप्टन फ्रीमँटलने ब्रिटिशांच्या नावाने ताबा घेतला आणि मागून 'पार्मेलिया' जहाजातून पहिली कुटुंबं आली. ती हे इतकं घरातलं असल्यासारखं सांगत होती की मी कागदाबद्दल प्रश्न विचारायचंच विसरलो. शेवटी म्हणाली, मेलबर्नचा एक गिऱ्हाईक उद्या येतोय, तुम्ही मनापासून विचारताय म्हणून तुम्हाला आधी सांगते, पण आज रात्री ८ पर्यंत पैसे आले पाहिजेत, आणि ॲपवरून नको, कमिशन कापतात, थेट बँकेत टाका. टाकले.

चौथ्या दिवशी कुरियर आलं. टिश्यू पेपरात छान गुंडाळलेला कागद उघडला आणि पहिला चहाचा वास आला, म्हणजे जुना दिसावा म्हणून कागद चहात रंगवलेला. जुन्या कागदाला वास असतो, पण तो धुळीचा, कोंदट, ट्रंकेतला. भिंगातून पाहिलं तर अक्षराच्या कडेला निळे-गुलाबी बारीक ठिपके, म्हणजे प्रिंटर. त्या काळची लोखंडी शाई कागदात मुरते, मागून तपकिरी दिसते, इथे मागची बाजू कोरी. पोराचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर अख्खा कागद निळा चमकला, तो आत्ताच्या कागदातल्या पांढऱ्या केमिकलमुळे.

खरं तर भिंगाचीही गरज नव्हती, नुसता मजकूर वाचला असता तरी पुरे होतं. त्यावर लिहिलंय 'पर्थ, २० जून १८२९'. पर्थची स्थापनाच १२ ऑगस्ट १८२९ ला झाली, जूनमध्ये ही सगळी माणसं किनाऱ्याजवळच्या गार्डन आयलंड या बेटावर भर पावसाळ्यात कशीबशी राहत होती. सही 'सर जेम्स स्टर्लिंग, गव्हर्नर'. त्याला सर ही पदवी १८३३ मध्ये मिळाली, १८२९ ला तो लेफ्टनंट गव्हर्नर होता. आणि कागदात ४० एकरांची पक्की मालकी दिलेली. तेव्हा नियम असा होता की ३ पौंडांचा माल-भांडवल आणलं की ४० एकर मिळायचे, म्हणजे एकरी १ शिलिंग ६ पेन्स, पण तेवढ्याच दराने जमिनीत सुधारणा करून दाखवल्याशिवाय ती पूर्ण तुमची होत नव्हती.

हे सगळं मी पैसे गेल्यावर वाचलं, आणि वाचता वाचता जास्त वाईट वाटलं ते त्या पहिल्या लोकांचं. स्टर्लिंगने जेमतेम दोन आठवड्यांत नदीकाठ पाहून जमिनीची भरमसाठ स्तुती केली, लंडनमध्ये लोकांनी ती वाचून घरदार विकलं आणि निघाले. चांगली गाळाची माती फक्त नदीच्या काठाने पट्ट्यापट्ट्याने आहे, ती लगेच संपली, बाकी वाळू. ही वाळू काय आहे ते मी माझ्या अंगणात रोज बघतो, मेथी पेरली की झारीचं पाणी आत जातच नाही, वरच मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. थॉमस पील नावाच्या माणसाला अडीच लाख एकर कबूल झाले होते, अट ही की ४०० माणसं १ नोव्हेंबर १८२९ च्या आत उतरवायची. त्याचं पहिलं जहाज डिसेंबरच्या मध्यावर आलं, ठरलेली जागा गेली, आणि त्याच्या भरवशावर आलेली कुटुंबं दक्षिणेला क्लॅरेन्सच्या किनाऱ्यावर अडकली, कितीतरी जण आजारपणात गेले. मजूर इतके कमी पडले की १८५० पासून याच वसाहतीने स्वतःहून कैदी मागवले.

आणि मुळात ही जमीन व्हाजुक नूंगार लोकांची, नदीचं त्यांचं नाव डर्बार्ल येरिगन, त्यांना कोणी विचारलंच नाही. माझा कागद खरा असता तरी त्याखाली ही गोष्ट होतीच, आणि भिंतीवर लावायच्या उत्साहात माझ्या मनात ती एकदाही आली नाही, याची मला पैशांपेक्षा जास्त खंत आहे.

बँकेला त्याच दिवशी फोन केला, पैसे आधीच पुढे सरकले होते. पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली, स्कॅमवॉच या फसवणुकीच्या तक्रारींच्या सरकारी साइटवरही टाकली, ॲपने अकाउंट बंद केलं पण तोपर्यंत ती बाई कधीच गायब झाली होती. राज्य ग्रंथालयात कागद दाखवला, तिथल्या ताईंनी दोन मिनिटांत सांगितलं, आणि हेही की विकत घ्यायच्या आधी फोटो घेऊन आलात तरी आम्ही बघून देतो.

परवा मित्राला आलेल्या मेसेजमध्ये तोच कागद आहे, तीच लाख, फक्त तारीख आता '२० ऑगस्ट' केलीये. 'सर' तसंच आहे. कोणाला हा फोटो आला तर पैसे टाकू नका, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, मी तक्रारीला जोडतोय.