जुन्या नौकेच्या आतलं लाकूड: पूर्ण घासून काढायचं की वरच्यावर उजळायचं?

जुनी शिडाची नौका हाती आली की नजर आधी जाते ती केबिनच्या आतल्या लाकडावर. व्हार्निश पिवळं पडलेलं, जिन्याचा कठडा हातांनी झिजलेला, खिडक्यांखाली काळे ओघळ. बहुतेक जण तिथल्या तिथे सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, बाहेर काढतात. माझा आग्रह आहे की सँडरच्या आधी एक माप घ्या.

ते माप म्हणजे लाकडाच्या वरच्या थराची जाडी. आडभिंती, कपाटांची दारं, बाकांच्या बाजू अखंड सागवानी वाटतात, पण बहुतेक ठिकाणी ते प्लायवूड असतं आणि त्यावर सागाचं किंवा महोगनीचं व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं. एखादा दिवा किंवा स्विच काढून त्यामागच्या भोकाची कड पाहा, व्हीनियर तिथे स्पष्ट दिसतं. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर काळजीपूर्वक घासण्याला वाव आहे. अर्धा मिलिमीटर असेल तर जवळजवळ नाही. जाड दाण्याचा कागद लावलेला सँडर कडेशी जरासा कलला, तरी खालच्या प्लायचं फिकट लाकूड वर येतं. एकदा एका दाराच्या कोपऱ्यावर माझ्याकडून असं झालं. नखाएवढाच डाग होता, पण रंग मिसळून, ब्रशने रेषा ओढूनही तो लपला नाही. शेवटी अख्खं दार नव्या व्हीनियरने मढवावं लागलं.

म्हणून माझ्या दृष्टीने खरी निवड इथेच होते: जुनं व्हार्निश पूर्ण काढून उघड्या लाकडापासून सुरुवात करायची, की आहे त्यालाच स्वच्छ आणि खरबरीत करून वर नवे हात द्यायचे?

दुसरा मार्ग लोक कमी लेखतात. जुनं व्हार्निश निस्तेज झालेलं असतं, पण अनेकदा त्याची पकड शाबूत असते. तपासायला ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक चिरा पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पापुद्रे पट्टीबरोबर आले तर ते व्हार्निश काढावंच लागेल. पट्टी कोरी निघाली तर जुना थर नव्याचा पाया होऊ शकतो. मग काम सोपं आहे. साबणाच्या कोमट पाण्याने स्वयंपाकाचा चिकटा आणि हातांचं तेल काढायचं, पुसून कोरडं करायचं, २२० नंबरच्या कागदाने रेषांच्या दिशेने हलकं घासायचं आणि दोन हात द्यायचे. यात व्हीनियरला धक्काही लागत नाही. उणीव एकच: खालचे डाग आणि जुना पिवळेपणा तसाच राहतो. मला तो पिवळेपणा खटकत नाही, जुन्या महोगनीला तो शोभतो. पण केबिन उजळ हवी असेल तर या मार्गाने ती होणार नाही.

पूर्ण काढायचंच असेल तर कशाने काढता यावर बरंच ठरतं. अखंड लाकडावर, म्हणजे कठडे, चौकटी, फळ्यांच्या पट्ट्यांवर, मला धारदार स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं पातं, सगळ्यात आवडतो. धूळ कमी उडते आणि किती निघतंय ते हाताला कळतं. हीट गनने व्हार्निश भराभर सुटतं, पण व्हीनियरखालचा गोंदही मऊ होऊन फुगे येऊ शकतात, त्यामुळे ती अखंड लाकडापुरतीच ठेवा. रासायनिक रिमूव्हर व्हीनियरला सगळ्यात कमी दुखावतो, पण केबिन ही वाटीसारखी बंद जागा आहे. पुष्कळशा रिमूव्हरची आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता तळाशी साचते, आणि तळातलं पाणी उपसणारा पंप तिथेच असतो, त्याच्या ठिणगीने ती पेटू शकते. शेगडी बंद, बॅटरीचा मुख्य स्विच बंद आणि ताजी हवा तळापर्यंत पोहोचवणारा पंखा, एवढी तयारी नसेल तर आत रिमूव्हर उघडू नका. मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर तर नकोच. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत आणि अमेरिकेत व युरोपीय संघात सर्वसामान्य ग्राहकांना तो विकायला बंदी आहे.

जे सुटं होतं ते सुटं करून बाहेर न्या. दारं, खण, जिना काढताना प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने जागा लिहा, कारण जुन्या नौकेत सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. व्हीनियरवर सँडर नको. १८० आणि मग २२० नंबरचा कागद कॉर्कच्या ठोकळ्यावर गुंडाळून हाताने घासा. अखंड लाकडाला १२० पासून सुरुवात चालते. मास्क चांगल्या प्रतीचा हवा. सागाची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. लोखंडी तारेचा चोथा मात्र नौकेवर आणूच नका. त्याचे तुकडे रेषांत अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके पाडतात. कांस्याचा चोथा किंवा नायलॉनचा पॅड वापरा.

काळ्या डागांसाठी घासत बसू नका, ते व्हीनियरपेक्षा खोल गेलेले असतात. पाणी, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने हा काळेपणा येतो आणि तो ऑक्झॅलिक ॲसिडने उतरतो. स्फटिक गरम पाण्यात विरघळवून फक्त डागावर न लावता जोडापासून जोडापर्यंत पूर्ण फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट बेट उरेल. नंतर भरपूर पाण्याने पुसून घ्या. वाळलेले स्फटिक कोरडे घासू नका, त्यांची धूळ विषारी असते. आणि हे सगळं करण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. खिडकीची चौकट, डेकवरचे बोल्ट, डोलकाठीला ताणून धरणारे दोर जिथे बांधतात त्या डेकमधून खाली उतरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, या नेहमीच्या जागा. गळती तशीच ठेवून दिलेलं व्हार्निश पुढच्या पावसाळ्यात आतून फुगतं.

आता वरून काय द्यायचं?

तेलाचं आकर्षण मला कळतं. फडक्याने लावायचं, पुसायचं, झालं. लाकूड लाकडासारखंच दिसतं आणि ओरखडा आला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. पण तेल पाणी फारसं अडवत नाही, धूळ धरतं, आणि जवसाच्या तेलावर दमट, बंद कपाटांत बुरशी येते. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या नौकेसाठी तर मी तेल सुचवणार नाही. वापरलंच तर भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुन्या पद्धतीचं तेलमिश्रित व्हार्निश माझी पहिली पसंती आहे. बाहेर उन्हात त्याला दरवर्षी हात द्यावा लागतो, पण आत ऊन कमी असल्याने तेच वर्षानुवर्षं टिकतं. बाहेर सहा-आठ हात लागतात, आत तीन-चार पुरतात. सागाला लावण्याआधी ॲसिटोनने पुसून वरचं नैसर्गिक तेल काढा आणि ते पुन्हा वर येण्याआधी पहिला, पातळ केलेला हात द्या. मंद चमक हवी असेल तरी आधीचे हात चकचकीत व्हार्निशचे द्या आणि फक्त शेवटचा मंद चमकीचा. मंद व्हार्निशमधली चमक कमी करणारी पूड सगळ्या थरांत साचली तर लाकडाच्या रेषा धुरकट दिसतात. याची किंमत म्हणजे वेळ. दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जातो आणि वास बरेच दिवस राहतो.

नौकेवरच राहत असाल तर पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचा विचार करा. वास कमी, आणि एका दिवसात दोन-तीन हात होतात. पण पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून तो वाळल्यावर हलकं घासावं लागतं. शिवाय ते लाकडाला तो मधासारखा रंग देत नाही आणि महोगनी थोडी थंड दिसते. मेण काढलेल्या शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या लेपाचा, एक हात खाली दिला की ऊब परत येते आणि सागाचं तेलही अडतं. शेलॅक सगळ्यात वर मात्र नको, ओल्या पेल्याचं पांढरं वर्तुळ उठतं.

दोन घटक मिसळून वापरायचं पॉलियुरेथेन सगळ्यात टणक असतं, पण त्यातल्या आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनामुळे केबिनमध्ये साध्या मास्कवर ते मारणं मला मान्य नाही. शिवाय जुन्या साध्या व्हार्निशवर ते मारलं तर खालचा थर सुरकुततो. सुट्या काढता येणाऱ्या जेवणाच्या टेबलासाठी, बाहेर, योग्य श्वसनसाधन लावून ते उत्तम आहे.

तळाच्या फळ्यांचा विचार वेगळा करा. तिथे चकचकीतपणा धोक्याचा. नौका कलते, पाय ओले असतात. मंद चमकीचं व्हार्निश द्या, आणि फळ्या उचलून प्लायच्या उघड्या कडा आधी इपॉक्सीने बंद करा. तळातली ओल वर चढते ती त्या कडांमधून.

अजूनही ठरत नसेल तर एका कपाटाचं दार काढा आणि त्याच्या आतल्या बाजूचे दोन भाग करा. एका भागावर जुन्याच थरावर हलकं घासून व्हार्निश द्या, दुसऱ्यावर सगळं काढून. वाळल्यावर दार पुन्हा जागेवर बसवून उघडं ठेवा आणि केबिनच्याच उजेडात पाहा, दुपारी एकदा आणि रात्री दिव्याखाली एकदा.