गल्लीच्या कारभारात रहिवाशांचा हात: मुंबईतील ‘एएलएम’ उपक्रमाचे परीक्षण

रस्त्यावरचा दिवा बंद पडला, गटाराचे झाकण निघाले किंवा कोपऱ्यावर रातोरात डेब्रिजचा ढीग येऊन पडला, तर मुंबईतील गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला त्याबाबत फारसे काही करता येत नाही, कारण सोसायटीचा अधिकार तिच्या कुंपणापाशी संपतो. आणि नगरसेवकाकडे जावे, तर त्याच्या प्रभागात अशा कितीतरी गल्ल्या असतात. ही मधली जागा भरून काढण्यासाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने १९९७ च्या सुमारास ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ हा उपक्रम सुरू केला. कागदोपत्री नाव एवढे भारदस्त असले, तरी बोलण्यात सगळे त्याला, ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, ‘एएलएम’ असेच म्हणतात. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीच्या स्वच्छतेचे काम स्वतः हाती घेतले होते, त्यातून या उपक्रमाची वाट खुली झाली. एका गल्लीतील किंवा एका लहान परिसरातील सोसायट्या, चाळी आणि बंगले यांनी एकत्र यायचे, विभाग कार्यालयात नोंदणी करायची आणि आपल्या परिसराचे प्रश्न एका तोंडाने मांडायचे, अशी त्याची साधी रचना आहे. उपनगरातील अशाच एका एएलएमची सदस्य म्हणून त्याचे काम मी बरीच वर्षे जवळून पाहत आले आहे, आणि ज्यांना आपल्या गल्लीत अशी संघटना उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

पहिली गोष्ट आवर्जून सांगायला हवी. एएलएमच्या मुळाशी एक देवघेव आहे आणि बहुतेकांना तिची अर्धीच बाजू ठाऊक असते. रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, जमेल तितका ओला कचरा परिसरातच जिरवायचा आणि गल्ली स्वच्छ ठेवायची. त्याबदल्यात महापालिकेने त्या गल्लीकडे जरा जास्त लक्ष द्यायचे, विभाग कार्यालयात एक समन्वय अधिकारी नेमून द्यायचा आणि ठरावीक काळाने बैठक घ्यायची. जिथे रहिवाशांनी आपली बाजू सांभाळली, तिथे त्यांच्या तक्रारीला वजन आले, आणि जिथे कचऱ्याचे काम सुटले व केवळ तक्रारी पुढे पाठवण्याचे काम उरले, तिथे एएलएम नावापुरते राहिले. हे मी माझ्याच भागातील दोन शेजारच्या गल्ल्यांत पाहिले आहे.

कचऱ्यावर एवढा भर कशासाठी, हा प्रश्न नवा सदस्य हमखास विचारतो. मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर कित्येक दिवस राहिला, तेव्हा आपला कचरा आपल्या दारातून गेला म्हणजे संपला असे नाही, हे सर्वांनाच नाकाने कळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रहिवासी संघटनांवर कचरा वर्गीकरणाची जबाबदारी नाव घेऊन टाकली. म्हणजे एएलएममधील रहिवासी जे स्वेच्छेने करत होते, ते आता सर्वांसाठीच कर्तव्य ठरले.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते, ते थोडे सविस्तर सांगते. आमच्या गल्लीत एका सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत विटांचे दोन हौद बांधले आहेत. एक भरत असताना दुसऱ्यातील खत तयार होत असते, आणि त्याला साधारण दीड ते दोन महिने लागतात. सुरुवातीच्या काळात हौदाला दुर्गंधी येऊ लागली आणि तळमजल्यावरील कुटुंबांनी रीतसर आक्षेप घेतला. दोष होता तो ओलाव्याचा. शिळी आमटी, ताक, भाताचे पाणी असे सगळे त्यात जात होते आणि कोरडे काहीच पडत नव्हते. गल्लीत झाडणकाम करणाऱ्या कामगारांशी आणि त्यांच्या मुकादमांशी बोलून झाडांचा पालापाचोळा वेगळ्या गोणीत ठेवण्याची व्यवस्था झाली, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा थर पडू लागला आणि वास आटोक्यात आला. जो पाला आधी डंपरमधून जायचा, तोच आता खताच्या कामी येतो. समितीतील ज्या काकूंनी हे सगळे नेटाने लावून धरले, त्या आजही रोज सकाळी लोखंडी सळीने हौद उकरून हवा खेळती ठेवतात.

याहूनही महत्त्वाची गोष्ट समितीच्या फार उशिरा ध्यानात आली. आपल्या घरांत कचरा प्रत्यक्ष वेगळा करणारा हात बहुधा घरकामाला येणाऱ्या ताईंचा असतो, आणि लिफ्टमध्ये चिकटवलेली सूचनापत्रके वाचण्याची अपेक्षा मात्र घरमालकांकडून केली जाते. अखेर या ताईंसाठीच दुपारी, दोन घरांच्या कामांमधल्या त्यांच्या सवडीच्या वेळी, एक बैठक घेण्यात आली. त्यांनी जे प्रश्न विचारले ते घरमालकांनी कधीच विचारले नव्हते: सॅनिटरी पॅड कशात गुंडाळायचे, फुटलेली काच कोणत्या डब्यात टाकायची, दुधाची पिशवी धुवायची की नाही. या प्रश्नांची उत्तरे ठरवून दिल्यानंतर वर्गीकरणात जो फरक पडला, तो आधीच्या कोणत्याही परिपत्रकाने पडला नव्हता. नवी संघटना उभी करणाऱ्यांनी ही बैठक पहिल्याच महिन्यात घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता तक्रारींच्या पाठपुराव्याविषयी. या कामात संघटनेची खरी संपत्ती म्हणजे तिची नोंदवही. आमच्याकडे एक साधी लांबट वही आहे. तीत तारीख, जागेची खूण, तक्रारीचे स्वरूप, महापालिकेचा तक्रार क्रमांक, ज्या अधिकाऱ्याशी बोलणे झाले त्याचे पद आणि शेवटी काय घडले, असे रकाने आखलेले आहेत. ‘रस्ता खराब आहे’ अशी तक्रार तीत लिहू दिली जात नाही. ‘अमुक दिव्याच्या खांबासमोर, केबलसाठी खोदलेला चर खडी टाकून बुजवला आहे, वर डांबर नाही, पाऊस पडताच खचतो’ असे लिहावे लागते. १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवतानाही हाच नेमकेपणा उपयोगी पडतो, कारण तिथून तक्रार कोणत्या खात्याकडे जाणार हे सांगणाऱ्याच्या शब्दांवरच अवलंबून असते. पाणी साचले, तर ते पर्जन्य जलवाहिनीचे काम असू शकते, मलवाहिनीचे असू शकते किंवा फुटलेल्या जलवाहिनीचेही असू शकते, आणि ही तिन्ही खाती वेगवेगळी आहेत. म्हणूनच विभाग कार्यालयातील संयुक्त बैठकीचे मोल फार आहे. संबंधित खात्यांचे दुय्यम अभियंते एकाच टेबलाभोवती बसलेले असतात आणि समोर वही उघडलेली असते, तेव्हा काम नेमके कोणाचे याचा निर्णय तिथल्या तिथे होतो. एकट्या नागरिकाला हे सहसा साधत नाही, आणि एएलएमचा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

जिथे उत्तर मिळत नाही, तिथे माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून केलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे २००५ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र ‘रस्ता का दुरुस्त केला नाही’ असे विचारण्यापेक्षा खोदकामाच्या परवानगीची प्रत, चर बुजवण्याची अट आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागितला, तर अर्ज कामाचा ठरतो. आमच्या समितीने हे हत्यार जपून वापरले आहे आणि ते योग्यच आहे, कारण प्रत्येक लहानसहान बाबीत अर्ज टाकणाऱ्या संघटनेशी पुढे कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

इतके सगळे चांगले सांगितल्यावर उणिवाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. आमच्या एएलएममधील कार्यकर्ते बहुतेक निवृत्त आहेत. त्यांचे कष्ट मोठे आहेत. पण बैठका कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवल्या, तर नोकरी करणाऱ्यांनी यायचे कसे, याचा विचार होत नाही आणि मग तरुण येत नाहीत म्हणून खंत व्यक्त केली जाते. भाडेकरूंची स्थिती याहून वाईट आहे. गल्लीतील पाणी, कचरा, आवाज आणि अंधार यांचा त्रास त्यांनाही तेवढाच होतो. तरीही समितीवर येण्यासाठी घराची मालकी हवी, असा एक अलिखित दंडक चालत आला आहे. एएलएम ही सोसायटी नव्हे, तिला मालमत्ता सांभाळायची नाही; मग मालकीचा आग्रह कोणत्या तत्त्वावर धरला जातो, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रहिवासी संघटना जेव्हा ‘परिसर सुधारणे’ म्हणते, तेव्हा त्या शब्दांआड अनेकदा कोणाला तरी परिसरातून हटवणे दडलेले असते. फेरीवाल्यांविरुद्धची निवेदने हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पदपथ चालण्यासाठी मोकळा हवा, ही मागणी रास्तच आहे, आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांना रस्त्यावरून चालावे लागणे कोणालाही मान्य होणार नाही. परंतु ज्या भाजीवालीकडून आपण रोज भाजी घेतो, तिच्याविरुद्धच्या अर्जावर सही करताना तिच्याशी एकदाही न बोलणे मला पटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात आणि रहिवासी संघटनांनाही तिच्यात स्थान आहे. म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून जागा ठरवावी, हा मार्ग कायद्यानेच आखून दिला आहे. त्या मार्गाने जाण्याचा आग्रह एएलएमनेच धरायला हवा.

तिसरी अडचण रचनेतच आहे. एएलएमला कायद्याने दिलेला कोणताही अधिकार नाही. ते महापालिकेच्या सौजन्यावर आणि संबंधित अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालते. विभाग कार्यालयाचे प्रमुख असलेले सहायक आयुक्त कामात रस घेणारे असतील, तर बैठका वेळेवर होतात. बदली झाली की ओळखपाळख नव्याने सुरू करावी लागते. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांची, म्हणजे त्या त्या भागातील मतदारांच्या सभांची, तरतूदही केली. परंतु सामान्य मतदाराला हक्काने बसता येईल अशी सभा काही गल्लीपर्यंत पोहोचली नाही. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी आपापसांत ठरवून उभे केलेले अडॉल्फ डिसोझा निवडून आले, तेव्हा रहिवासी संघटनांच्या बळाची चर्चा शहरभर झाली होती. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला. त्या काळात गल्लीतील प्रश्न घेऊन जायला निवडून आलेला प्रतिनिधीच नव्हता आणि अनेक भागांत तो भार एएलएमच्या बिनपगारी कार्यकर्त्यांनी उचलला. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, हा भार त्यांचा नव्हता. ज्याला मत देता येते आणि पाडता येते, अशा माणसाची जागा सद्भावनेने काम करणारी समिती घेऊ शकत नाही.

पैशांविषयी थोडक्यात. नियमित वर्गणी नसलेलीच बरी. हौदाची दुरुस्ती, पावत्या-झेरॉक्स असा जो खर्च निघेल, त्याचा हिशेब सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लावावा. व्हॉट्सॲप समूह असावा, पण त्यात केवळ जागेची खूण, छायाचित्र आणि तक्रार क्रमांक यांनाच प्रवेश असावा, कारण शुभेच्छा आणि राजकीय संदेश यांच्या गर्दीत गटाराचे उघडे झाकण सहज हरवते आणि एकदा तसे हरवले की त्याचे परिणाम कोणाच्या तरी पायाला भोगावे लागतात.

तर मग एएलएममध्ये सामील व्हावे का? ज्यांना आपल्या तक्रारी दुसऱ्या कोणी तरी सोडवून द्याव्यात असे वाटते, त्यांची इथे निराशा होईल, आणि झटपट निकाल हवा असणाऱ्यांचीही होईल. जे आठवड्यातून दोन तास देऊ शकतात, ज्यांना स्वतःच्या घरातील डबे आधी वेगळे करण्याची तयारी आहे आणि ज्यांना शेजारच्या चाळीतील माणसासोबत एका टेबलाशी बसायला संकोच वाटत नाही, त्यांनी जरूर यावे. नोंदणीसाठी विभाग कार्यालयातील घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे अर्ज करावा लागतो; तो करण्यापूर्वी गल्लीतील प्रत्येक इमारतीतून किमान एक जण, आणि त्यांत निदान एखादा भाडेकरू, तयार आहे ना, हे पाहून घ्यावे. आमच्या समितीने भाडेकरूंना सदस्यत्व देण्याचा ठराव येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे आणि ती बैठक या खेपेस रविवारी संध्याकाळी ठेवली आहे.