सामाजिक चिंतेवरील गटसत्रे, रेल्वे लाइन्स, सोलापूर : तक्त्यापेक्षा कॅमेरा कामाचा

चारचौघांत बोलताना समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही आणि स्वतःचा चेहराही ताब्यात राहत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी रेल्वे लाइन्स भागातील एका समुपदेशन केंद्रात शनिवारी संध्याकाळी गटसत्रे भरतात. ती मी यंदा पावसाळ्यात पूर्ण केली. (पुढे उणिवाही लिहायच्या असल्याने केंद्राचे नाव देत नाही.)

सत्रे घेणाऱ्या मॅडमचे विवेचन नेमके आहे. सामाजिक चिंता असलेल्यांना हावभाव ओळखताच येत नाहीत, असे सरसकट म्हणता येत नाही, कारण त्याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्र निर्विकार चेहऱ्यातही नापसंती दिसणे आणि लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःच्या घामाकडे, थरथरीकडे वळणे, हे पुन्हा पुन्हा आढळते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलेल्या सामाजिक चिंतेच्या प्रारूपाचा (मॉडेलचा) गाभा हाच आहे, आणि या सत्रांची उभारणीही त्यावरच आहे.

सर्वांत मोलाचे ठरले ते गटात वठवलेल्या प्रसंगांचे चित्रीकरण. नवी पेठेतील चादरीच्या दुकानाचा प्रसंग होता आणि माझ्याकडे दुकानदाराची भूमिका आली. चित्रफीत पाहण्याआधी आपण कसे दिसलो असू, हे लिहून द्यायचे असते. हात लटपटत होते आणि चेहरा लालबुंद झाला होता, असे मी लिहिले. पडद्यावर हात स्थिर होते. नजर मात्र चादरीच्या घडीवर खिळलेली, ओठ घट्ट मिटलेले, उत्तरे एकेका शब्दाची; ‘या दुकानदाराला गिऱ्हाईक नकोच आहे’ असे वाटल्याचे समोरच्या सदस्याने सांगितले. भीती लपवण्यासाठी केलेल्या गोष्टीच तुसडेपणा म्हणून पोहोचतात, हे एवढ्या स्पष्टपणे कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते. गिऱ्हाईक चादरीची किनार चिमटीत धरून चोळत होते आणि किमतीची चिठ्ठी दोनदा उलटून पाहत होते. घेण्याची इच्छा सांगणाऱ्या या खुणा मला चित्रफितीतच पहिल्यांदा दिसल्या.

हावभाव ओळखण्यासाठी भिंतीवर लावलेला परदेशी चेहऱ्यांचा तक्ता मात्र निरुपयोगी आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा भाषांचे सूर एकमेकांत मिसळलेले, आणि ‘काय ओ, बसा की’ हे आग्रहाचे बोलणेही दरडावल्यासारखे ऐकू येते. चिंताग्रस्त माणूस अडखळतो तो या सुरापाशी. त्यावर ध्वनिमुद्रणे ऐकवून सराव घ्यायला हवा होता. त्याऐवजी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका पाहुण्या प्रशिक्षकांनी हात कुठे ठेवावेत आणि नजर किती वेळ रोखावी, याचे नियम दिले, म्हणजे मॅडमनी मोठ्या प्रयासाने बाहेर वळवलेले लक्ष पुन्हा स्वतःवर आणून ठेवले.

शुल्क एकरकमी आगाऊ घेतात आणि चुकलेले सत्र भरून मिळत नाही. ज्यांचे कॉलेज वा नोकरीच सुटण्याची वेळ आली आहे, त्यांनी गटावर विसंबून न राहता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

पुढची तुकडी सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेनंतर सुरू होईल. नावनोंदणी केवळ फोनवरून होते, व्हॉट्सअ‍ॅपची सोय नाही. ज्यांच्यासाठी ही सत्रे आहेत, त्यांना नेमका तोच फोन करणे जड जाते, हे केंद्राच्या ध्यानात कसे आले नाही, कोण जाणे.