३५ एफ १.४: नॉकटन घ्यावी का डिस्टॅगॉन?

एम माउंटचा (लायकाच्या एम जातीच्या लेन्स बसणारा) रेंजफाइंडर कॅमेरा हातात आलाय, पन्नास मिलिमीटरची लेन्स झालीय, आता कमी उजेडासाठी ३५ पाहिजे आणि ती १.४ चीच पाहिजे (हा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा, आकडा लहान तेवढा उजेड जास्त), इथपर्यंत जो येऊन पोचलाय त्याच्यासाठी हे लिहितोय. रेंजफाइंडरच का, फिल्मच का, मोबाइलनं काय वाईट होतं, हे सगळं सोडून देतो. प्रश्न एवढाच, की व्हॉइग्टलँडरची नॉकटन क्लासिक घ्यायची का झाइसची डिस्टॅगॉन झेडएम (झेडएम म्हणजे झाइसची एम माउंटची मालिका). नॉकटन माझी स्वतःची आहे. डिस्टॅगॉन पुण्यातल्या एका मित्राची, तो परदेशी गेला तेव्हा "वापरात राहू दे, नुसती कपाटात ठेवली तर बुरशी धरंल" म्हणून माझ्याकडं देऊन गेलता आणि बरेच महिने ती माझ्याच पिशवीत होती. त्याच काळात मला नॉकटन विकून तीच घ्यायची का हे ठरवायचं होतं, त्यामुळं दोन्ही आलटून पालटून लावून बघितल्या. कॅमेरा व्हॉइग्टलँडरचाच बेसा आर-२-ए, फिल्मचा. डोळ्यावर चष्मा. ही चष्म्याची गोष्ट बारकी वाटेल पण पुढं तिचं काम आहे.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. "झाइस म्हणजे जर्मन काच" असं ऐकवणारे लोक भेटतात. नाव जर्मन आहे हे खरं, पण या दोन्ही लेन्स जपानात कोसिनाच बनवते, नागानो भागातली कंपनी. व्हॉइग्टलँडर हे नाव १७५६ चं, व्हिएन्नातलं, आणि १९९९ पासून कोसिना ते वापरतेय. म्हणजे दोन्ही लेन्स एकाच घरातल्या बहिणी. बनावटीत उन्नीस-बीस मला तरी जाणवलं नाही, दोन्ही रिंगा लोण्यासारख्या फिरतात. फरक आहे तो विचारात. नॉकटन मुद्दाम जुन्या वळणाची, १९६१ च्या लायकाच्या ३५ समिलक्सकडं बघून केलेली, छोटी, आठ काचांची. डिस्टॅगॉन २०१४ ला जाहीर झाली, दहा काचा, डिजिटल सेन्सर डोक्यात ठेवून केलेली. किंमत डिस्टॅगॉनची तिपटीच्या आसपास जाते, त्यावर बाहेरून मागवली तर ड्युटी वेगळी. पण समजा पैशाचा प्रश्न नाही. पैशाचा असेल तर मग हे वाचायचीही गरज नाही, नॉकटन घ्या आणि उरलेल्या पैशात फिल्म घ्या.

आता फोटो कुणाचा चांगला येतो? डिस्टॅगॉनचा. यात मला काही वाद घालायचा नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे आमच्या कोल्हापुरात पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, तिथं दोन्हींची परीक्षा आपोआप होते, कारण काळोख, हजारो उजेडाचे ठिपके, आणि घाटाच्या सरळ पायऱ्या, म्हणजे लेन्सचे सगळे दोष उघडे पडायची सोय. डिस्टॅगॉन पूर्ण उघडी ठेवली तरी कोपऱ्यातली पणती पणतीच राहते, पायरी सरळ राहते, आणि काळोख काळा राहतो. नॉकटनला १.४ वर कोपऱ्यातल्या पणत्यांना पंख फुटतात, आणि फ्रेमच्या कडेला लागून पणत्यांची ओळ घेतली की ती बाहेरच्या बाजूला फुगते. चेहरा घेताना हे दिसत नाही, पण पायऱ्या, कमानी, देवळाचे खांब, वाड्याच्या तुळया असलं काम जास्त करत असाल तर रोज दिसेल आणि रोज टोचेल. माझ्या एका दोस्तानं दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघितल्या आणि न विचारताच डिस्टॅगॉनच्या प्रिंटवर बोट ठेवलं. मीही तेच ठेवलं असतं.

मग एवढं असून मी ती का घेतली नाही, तर व्ह्यूफाइंडरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यामुळं.

रेंजफाइंडरवाल्यांना माहीत आहे, आपण लेन्समधून बघत नाही, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघतो, आणि लेन्स त्या खिडकीच्या उजवीकडं खाली बसलेली असते. लेन्स लांब झाली की ती खिडकीत डोकावणारच. डिस्टॅगॉन लांब का, तर आरसा नसल्यामुळं रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते आणि लेन्स आखूड ठेवता येते, पण तसं केलं की कडेला उजेड फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं विशेष काही वाटत नाही, डिजिटल सेन्सर मात्र कुरकुर करतो, कडा पुसट होतात, रंग बिघडतात. म्हणून झाइसनं मागची काच पुढं घेतली, आणि १.४ वर कोपरे शार्प ठेवायचे तर पुढं काचांची रांग लावावी लागली. परिणाम म्हणजे नॉकटनच्या दुपटीपेक्षा लांब नळी आणि ३८० ग्रॅमच्या आसपास वजन, नॉकटन दोनशेच्या आसपास. म्हणजे जी गोष्ट फोटो सुंदर करते तीच गोष्ट फोटो घेताना डोळ्यासमोर येते. यात बनवणाऱ्याची चूक काही नाही, त्यांनी जे करायचं ठरवलं ते केलंय.

सुरुवातीला मला वाटलं सवय होईल. कोपराच तर झाकला जातोय, अंदाज येतो. रस्त्यावर खरंच अंदाज येतो. महाद्वार रोडला संध्याकाळी चालत फोटो काढताना उजव्या खालच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा डांबरच असतं, ते दिसलं काय न दिसलं काय.

पण माझं निम्मं काम तालमीत. तालमीत उजेडाची बोंब असते. वर एखादी जाळीची खिडकी, एखाददुसरी ट्यूब, बाकी सगळी लाल माती उजेड खाऊन टाकते. आयएसओ ४०० ची फिल्म घातली तर १.४ ला सेकंदाचा १/६० शटर मिळतो, ती ८०० ला ढकलली (म्हणजे ८०० ची समजून वापरली आणि धुताना जास्त वेळ ठेवली) तर १/१२५, आणि पोरं लढत असताना त्याच्या खाली जाण्यात अर्थ नाही. म्हणून तर १.४ ची लेन्स. आणि लढत होते कुठं, तर खाली. एकानं पट काढला, दुसरा मातीत गेला, की सगळी गोष्ट फ्रेमच्या खालच्या अर्ध्या भागात सुरू होते, हात कुठं अडकला, पाय कुठं रोवला, पंजा मातीत किती रुतला. नेमकं तिथंच लेन्सचं काळं बूड. सिनेमाला बसल्यावर नेमका पुढच्या खुर्चीवर फेटेवाला येऊन बसावा तसं होतं, सगळा पडदा दिसतो, फक्त जिथं हाणामारी चाललीय तेवढाच दिसत नाही.

आणि यातली खरी मेख मला फार उशिरा कळली, कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नव्हतं. जवळ फोकस केला की पॅरॅलॅक्स, म्हणजे खिडकीतून दिसणारं आणि लेन्सला दिसणारं यातला फरक, सांभाळायला खिडकीतली चमकत्या रेषांची फ्रेम (फोटोत काय येणार ते दाखवणारी चौकट) आपोआप उजवीकडं खाली सरकते. म्हणजे लेन्सच्या दिशेनंच. त्यात जवळच्या फोकसला लेन्सही थोडी पुढं येते. म्हणजे लांबचं बघताना जेवढा कोपरा झाकला जातो त्यापेक्षा जवळचं बघताना जास्त जातो, आणि मी हौद्याच्या कडेला बसून मीटर-दीड मीटरवरच काम करतो. वर चष्मा. चष्म्यामुळं ३५ ची फ्रेम एका नजरेत कडेपर्यंत दिसत नाही, डोळा थोडा डावी-उजवीकडं फिरवून बघावं लागतं, त्यात एक कोपरा कायमचा गेलेला. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावलीची टोपी, लावलं तर आणखी. हूडला खिडक्या असतात आरपार दिसायला, पण त्यातून दिसतं म्हणणं म्हणजे जाळीतून शेजाऱ्याच्या घरातला टीव्ही बघितला म्हणणं आहे. मी हूड काढूनच वापरली.

यावर उपाय नाहीत असं नाही. कॅमेऱ्याच्या वर फ्लॅश लावायच्या खाचेत ३५ चा वेगळा व्ह्यूफाइंडर लावता येतो, छान मोठा उजेडी दिसतो, पण फोकस एका खिडकीत आणि फ्रेम दुसऱ्या खिडकीत, तोपर्यंत खालचा पैलवान वर आलेला असतो. लायकाचा डिजिटल एम असेल आणि लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर लेन्समधलं चित्र, वापरत असाल तर हा सगळा मुद्दाच निकालात निघतो, तुम्ही पुढचं न वाचता डिस्टॅगॉन घ्या, मला आनंदच होईल. चष्मा नसेल आणि कामही जरा लांबून असेल तरी कदाचित तुम्हाला माझ्याइतका त्रास होणार नाही. एकदा कुणाची तरी लावून मीटरभरावरच्या माणसाच्या पायाकडं बघा, दुकानातल्या काउंटरपलीकडच्या भिंतीकडं बघून काही कळत नाही.

नॉकटनला दोष नाहीत असं म्हणत नाही. वर सांगितलेले दोन आहेतच, तिसरा म्हणजे फोकस शिफ्ट. १.४ ला डोळ्यावर फोकस केला आणि मग अॅपर्चर २ किंवा २.८ केलं की शार्प भाग थोडा मागं सरकतो, डोळ्याऐवजी कान शार्प येतो. रेंजफाइंडर लेन्समधून बघतच नाही, त्यामुळं त्याला याचा पत्ता नसतो. डिस्टॅगॉनला हे मला जाणवलं नाही. नॉकटनवर मी काय करतो, तर एक तर १.४, नाहीतर ५.६ आणि पुढं, मधल्या जागेत फार रेंगाळत नाही, आणि रेंगाळावंच लागलं तर फोकस करून झाल्यावर अंग किंचित मागं घेतो. हे वाचून कुणी म्हणेल असली लेन्स घ्यायचीच कशाला. बरोबर आहे. पण माझं ज्या ठिकाणी अडतं तिथं मी तसाही १.४ च्या पुढं जाऊ शकत नाही, म्हणून हा दोष माझ्या वाट्याला कमी येतो. दिवसाउजेडी २.८ वर माणसांचे चेहरे काढणाऱ्याच्या वाट्याला भरपूर येईल.

कॉन्ट्रास्टबद्दल एक थोडं उलटं निरीक्षण, मोजून बघितलेलं नाही, नुसतं नजरेचं. फिल्म ढकलली की कॉन्ट्रास्ट आधीच चढतो. त्यावर डिस्टॅगॉनचा स्वतःचा कडक कॉन्ट्रास्ट, मग तालमीच्या कोपऱ्यात बसलेली पोरं पार काळ्यात बुडतात. नॉकटन ट्यूबलाइट समोर आली की थोडी धुरकट होते, आणि त्या धुरकटपणामुळं सावलीत काहीतरी शिल्लक राहतं. प्रिंट करताना मला ते सोपं गेलं. नॉकटन एससी (काचेवर एकपदरी कोटिंग) आणि एमसी (अनेकपदरी) अशा दोन कोटिंगमध्ये मिळते, माझी एमसी, रंगीतही चालवायचं असेल तर तीच घ्या. २०१९ ला दुसरी आवृत्ती आलीय, माझी आधीची आहे.

हाताळणीत नॉकटनच्या खाली बोट अडकवायला टॅब आहे, आठवड्याभरात बोटाला कळतं की टॅब कुठं असला की अंतर किती. डिस्टॅगॉनला नुसता उंचवटा आहे, त्यानंही काम होतं पण मला टॅबची सवय. अॅपर्चरचे टप्पे झाइसचे एक तृतीयांशचे, नॉकटनचे अर्ध्याचे, याचं मला काही सोयरसुतक नाही. आकाराचं मात्र आहे. डिस्टॅगॉन लावून गेलो त्या दिवशी वस्ताद म्हणाले, "सर, त्यो डबा जरा बाजूला घ्या की, पोरं तिकडंच बघत्यात." छोट्या लेन्सला कधी कुणी काही बोललं नाही. आता वस्तादांच्या डोळ्याला जे दिसतं ते पोरांच्याही दिसत असणार.

पावसाळ्याचं दोन्हींना सारखंच. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात भिंतीला पाझर फुटतो, तिथं लेन्सची काय कथा, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि ते वेळच्या वेळी तव्यावर वाळवा. बिघाड झाला तर दोन्हींना बाहेरगावीच पाठवावं लागेल. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावात आज रेंजफाइंडर उघडणारा माणूस मला तरी सापडलेला नाही, असो.

तर इमारती, लँडस्केप, घाट, डिजिटल बॉडी, मोठ्या प्रिंट, यातलं काहीही तुमचं मुख्य काम असेल तर डिस्टॅगॉन, पैसे वाया जाणार नाहीत. जवळून माणसं, फिल्म, चष्मा, तर माझ्या मते नॉकटन, आणि मित्राची लेन्स परत करताना मला वाईट वाटलं नाही असं नाही पण थांबवावीशीही वाटली नाही. एफ २ नं भागत असेल तर मात्र या दोन्हींच्या भानगडीत न पडता झाइसचीच ३५ बायोगॉन बघा, आटोपशीर आहे आणि रेषा सरळ ठेवते, तालमीत मला तो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, सोडवत नाही म्हणून, नाहीतर मीही तिकडंच गेलो असतो.

नॉकटन घेतलीत तर फिल्टरचं आधी बघून ठेवा. तिला ४३ मिलिमीटरचा लागतो, तो इकडं दुकानात सहज मिळत नाही, आणि दुकानदार ४९ चा फिल्टर आणि मधे एक रिंग देतो म्हणतो, स्वस्तही पडतं. घेऊ नका. त्या रिंगेची कड खिडकीत दिसायला लागते. ४३ चाच मागवा, पंधरा दिवस थांबावं लागलं तरी.