नोव्हेंबरच्या काळोखात एडिनबरामध्ये: प्रकाशदिवा घ्यावा की दुपारी बाहेर पडावे?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि एडिनबरामध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला त्या आठवड्यात पहिल्यांदा काळोखाची जाणीव होते. २१ डिसेंबरपर्यंत दिवस जेमतेम सात तासांवर येतो. त्याच दिवशी मुंबईला सुमारे अकरा तास उजेड असतो. दिवाळीच्या पणत्या विझल्यानंतरच्या या आठवड्यांत अनेकांना झोप आवरत नाही, गोड खावेसे वाटते आणि कशातच मन लागत नाही. हिवाळ्यातील अशा नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले, तेव्हा प्रखर प्रकाशाचा उपायही त्यांनी सोबतच मांडला होता.

तोच उपाय आज ‘सॅड लॅम्प’ (सॅड म्हणजे ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’, ऋतूनुसार येणारे नैराश्य) म्हणून घरोघरी पोहोचला आहे. सकाळी उठल्यानंतर तासाभराच्या आत १०,००० लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाशासमोर अर्धा तास बसणे, ही त्याची रूढ मात्रा आहे. दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते. तो थोडा बाजूला ठेवून चहा घेता येतो किंवा वर्तमानपत्र वाचता येते. मात्र खोक्यावरचा १०,००० हा आकडा किती अंतरावरचा आहे, हे बारीक अक्षरांत दिलेले असते आणि खरेदी करताना नेमके तेच वाचले पाहिजे, कारण अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने कमी होतो. पहिल्या वर्षी मी माझा दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवला होता आणि महिनाभर काहीच फरक पडला नाही; तो टेबलावर हाताच्या अंतरावर आणल्यावर सकाळ सुसह्य झाली. संध्याकाळी मात्र तो लावू नये, झोप यायला उशीर होतो. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरूच नये.

दुपारच्या फेरीला यातले काहीच लागत नाही. डिसेंबरमध्ये इथला सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजावर साडेदहा अंशांच्या आसपासच येतो, तरीही मेडोज या शहरातल्या मोठ्या उद्यानाच्या मोकळ्या हिरवळीवर ढगाळ दुपारी मिळणारा उजेड दिवाणखान्यातल्या काहीशे लक्सपेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यात चालण्याचा व्यायाम होतो, चार माणसे दिसतात आणि वाऱ्याने अंगातली मरगळ उतरते. माझ्या मते मन प्रसन्न ठेवण्याच्या दृष्टीने फेरीची ही बाजू दिव्यापेक्षा सरस आहे. तिची अडचण एवढीच की ती पावसावर आणि साहेबाच्या परवानगीवर अवलंबून असते, आणि सकाळी आठ वाजता, जेव्हा शरीराच्या घड्याळाला प्रकाशाची सर्वाधिक गरज असते, तेव्हा बाहेर अंधारच असतो.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र या दोन्हींपैकी कशानेही सुटत नाही. दिव्यातील अतिनील किरण गाळलेले असतात आणि या महिन्यांतले इथले ऊन त्यासाठी पुरत नाही. म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, असा इथला सरकारी आरोग्यसल्ला आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी तर ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्यातच मोडतात.

ज्यांना दुपारी अर्धा तास मोकळा मिळतो, त्यांनी आधी फेरी सुरू करावी आणि दोन आठवड्यांनंतरही सकाळी उठवत नसेल तरच दिवा घ्यावा. जे अंधारात निघून अंधारात परततात, विशेषतः रुग्णालयात किंवा गोदामात पाळीवर काम करणारे, त्यांनी वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच दिवा घ्यावा. दरवर्षी हाच त्रास उलटत असेल तर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचाही विचार व्हावा: अमेरिकेत १७७ जणांवर झालेल्या अभ्यासात, उपचारानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, दिवा वापरलेल्यांपेक्षा सीबीटी घेतलेल्यांमध्ये नैराश्य कमी जणांना परतले. आणि जगणेच नकोसे वाटू लागले, तर दिवा की फेरी हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.